एमबीएच्या प्रवेशात उठून कसं दिसायचं? इंदूरकरांनो, आपापले अनुभव लिहा

धागाकर्ती, राजेंद्र नगर

भाचीला कॅटमध्ये (एमबीएची प्रवेश परीक्षा) चांगले पर्सेंटाइल मिळालेत आणि मुलाखतीचे कॉल यायला लागलेत. शिक्षण बी.कॉम., देवी अहिल्या विद्यापीठ. राष्ट्रीय पातळीचं पदक नाही, स्टार्टअप नाही, हिमालयातला ट्रेकसुद्धा नाही. "मावशी, माझ्यात सांगण्यासारखं आहे तरी काय?" हे रोज ऐकते आहे. राऊच्या टेकडीवर १९९६ मध्ये स्थापन झालेलं आयआयएम आहे, येता-जाता पाटी दिसते, पण आत कोण कसं पोचतं हे मला ठाऊक नाही. आमच्या वेळी बँकेची परीक्षा दिली की झालं.

ज्यांनी हा रस्ता तुडवलाय त्यांनी लिहा. काय विचारलं, काय उत्तर दिलं, पुढे काय झालं. क्लासच्या जाहिराती नकोत. "आत्मविश्वास ठेवा" हेही नको, ते तिची आई सकाळ-संध्याकाळ सांगते.

सुदामा नगरचा, सध्या पुण्यात

एसजीएसआयटीएस या इंदूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून कॉम्प्युटर, मग आयटी कंपनी. मुलगा, इंजिनिअर, आयटीत नोकरी: या रांगेत किती जण उभे असतात ते वेगळं सांगायला नको. मी नेतृत्वाचे दोन-चार किस्से घोटून गेलो होतो. ते कुणी विचारलेच नाहीत.

रेझ्युमेवर एका बँकेच्या पेमेंट सिस्टिमचा सपोर्ट असं लिहिलं होतं. प्रश्न आला: रविवारी रात्री मी तुला एनईएफटीने पैसे पाठवले तर नक्की काय होतं? मी सांगितलं की डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास चालतं, दर अर्ध्या तासाला एक याप्रमाणे दिवसाला ४८ बॅच. प्रत्येक बॅचमध्ये बँकांचं आपापसातलं देणं-घेणं वजा करून फक्त फरकाची रक्कम फिरते. आरटीजीएसमध्ये प्रत्येक व्यवहार स्वतंत्र मिटतो. मग विचारलं, ही वजाबाकी कुणाच्या सोयीची? बँकेच्या, कारण तिला कमी रोकड हाताशी ठेवावी लागते. आणि एखादी बँक ऐनवेळी पैसे देऊ शकली नाही तर? इथून पुढे गप्पा रंगल्या. माझ्या हुद्द्याचं नावसुद्धा निघालं नाही.

माझ्या टीममधले सगळे हेच काम करायचे. तिकीट बंद केलं की जेवायला मोकळे. मला फाइल का अडकली हे बँकेतल्या माणसाला फोन करून विचारायची खोड होती, ती कामी आली. निवड झाली.

तिलक नगर, जरा कडू बोलतो

सगळे मुलाखतीवर बोलताहेत, पण मुलाखतीपर्यंत नेणारी चाळणी वेगळी असते. आयआयएमचा कॉल सूत्रावर निघतो. कॅटचा स्कोअर, प्रत्येक विभागाचा वेगळा कटऑफ, दहावी-बारावीचे आणि पदवीचे गुण, कामाचा अनुभव, कुठे मुलींना जास्तीचे गुण, कुठे इंजिनिअर नसलेल्यांना. प्रत्येक आयआयएमचं सूत्र निराळं आणि ते वेबसाइटवर छापलेलं असतं. दोन तासांच्या पेपरात तीन विभाग, प्रत्येकाला ४० मिनिटं. एका विभागात घसरलात तर तुमचं व्यक्तिमत्त्व बघायला कुणी बोलावत नाही.

प्रोफाइल बघून बोलावणाऱ्या जागा वेगळ्या. मुंबईची एसपीजेआयएमआर त्यासाठीच ओळखली जाते. हैदराबादची आयएसबी जीमॅट किंवा जीआरई या परीक्षांच्या स्कोअरबरोबर निबंध मागते. तेव्हा भाचीला सांगा, आधी कुठल्या दारात कुठला कागद लागतो त्याचा तक्ता कर. दहावीला ७० टक्के असतील तर जुन्या आयआयएमसमोर रडत बसण्यापेक्षा दुसरी दारं बघ. माझ्या मुलाला हे एका क्लासवाल्याने फी भरून झाल्यावर सांगितलं!

रामबाग, सीए

वरच्या काकांचं बरोबर आहे, पण कॉल आल्यानंतरचं मी सांगते.

माझी आर्टिकलशिप (सीएची उमेदवारी) एका छोट्या फर्ममध्ये झाली. अशील बहुतेक सियागंजातले आणि छावणी मंडीतले. मैत्रिणी मोठ्या फर्ममध्ये, मोठ्या कंपन्यांच्या ऑडिटला. माझ्या वाट्याला जिरं, डाळ आणि सोयाबीन. मॉकमध्ये, म्हणजे सरावाच्या मुलाखतीत, मला सुचवलं गेलं की "ट्रेडिंग क्षेत्रातील विविध अशील" असं गुळगुळीत लिही. मी सरळ सोयाबीन लिहिलं.

पॅनेलवरच्या मॅडमनी तेच उचललं. बाजार नियामक सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदे (पुढच्या तारखेचे सौदे) बंद केले, तुमच्या व्यापाऱ्याचं काय झालं? हे मला पाठ करावं लागलं नव्हतं, कारण एनसीडीईएक्स या वायदे बाजाराच्या सोयाबीन करारात डिलिव्हरीचं मुख्य केंद्रच इंदूर होतं आणि ऑफिसात चहाबरोबर हाच विषय असायचा. मी सांगितलं की वायदा होता तेव्हा पुढचा भाव सगळ्यांना एकसारखा दिसायचा. तो गेल्यावर रोजचा प्लांट भाव (तेल गिरणीचा खरेदीचा भाव) हाच आधार उरला, आणि प्लांटवाल्याला जास्त माहिती असते. जोखीम दुसऱ्यावर टाकायची सोय गेली म्हणून आमच्या अशिलाने माल धरून ठेवणं कमी केलं. ताळेबंदात साठा लहान झालेला मी बघितला होता.

दुसरे सर म्हणाले, वायद्यामुळेच भाव भडकतात. मी म्हटलं, सर, बंदीनंतर २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध झालं, इंडोनेशियाने पामतेल अडवलं, तेव्हा तेल महागलंच की. ते हसले नाहीत. वाद बराच चालला आणि मला वाटलं, संपलं. त्याच संस्थेत निवड झाली. जिथे सगळे गोड बोलले तिथे झाली नाही.

धागाकर्ती

हे वाचून भाचीने विचारलं, तिच्या कॉलेजच्या फेस्टचं सांगायचं की नाही. कुणी पॅनेलच्या बाजूचं आहे का इथे?

निवृत्त प्राध्यापक, मनोरमागंज

मी पॅनेलवर बसलो आहे, संस्थेचं नाव राहू द्या. फेस्टचं सांगायला हरकत नाही, फक्त प्रायोजक कसा मिळवला आणि त्याने पैसे का दिले हे माहीत हवं. बहुतेकांना ते माहीत नसतं, कारण प्रायोजक कुणाच्या तरी काकांचा असतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर उमेदवार घरून आणतो. दुसऱ्याचं क्लासने घोटून घेतलेलं असतं. तिसऱ्या प्रश्नाला तो एकटा असतो, आणि आमच्या कागदावर गुण तिथे पडतात. दुपारनंतर पॅनेल थकलेलं असतं हे विसरू नका. मुलाखतींच्या ऐन आधीच्या सुट्टीत मिळवलेलं समाजसेवेचं प्रमाणपत्र आम्हाला तारखेवरून ओळखू येतं. त्यावर चिडायचो नाही, पुढच्या ओळीकडे जायचो.

एक मुलगी आठवते. फॉर्म अगदी साधा, वडिलांचं किराणा दुकान. मी विचारलं, उधारीची वही असते का? तिने कुणाची उधारी थांबवायची हे तिची आई कसं ठरवते ते सांगितलं: पगारदाराला महिनाअखेरपर्यंत सूट, हातावर पोट असणाऱ्याला कमी रकमेची पण रोजची. मी म्हटलं, हा गरिबावर अन्याय नाही का? ती म्हणाली, नाही सर, मोठी रक्कम साचली की तो माणूस दुकानावर यायचंच बंद करतो, मग त्याचंही नुकसान आणि आमचंही. पत आणि जोखीम शिकवायला मला एक तासिका लागायची.

वैशाली नगर, पूर्वी कचरा व्यवस्थापनात काम

इंदूरच्या मुलांना एक धोक्याची सूचना. "आमचं शहर स्वच्छतेत पहिलं" हे वाक्य पॅनेलने इतक्यांदा ऐकलंय की भुवईसुद्धा हलत नाही. २०१७ पासून वर्षानुवर्षं हा नंबर आलाय, त्यांनाही माहीत आहे.

मला उपयोग झाला तो पुढच्या माहितीचा. ओला-सुका कचरा घरातच वेगळा झाला नाही तर देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्लांट चालूच शकत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये हा प्लांट सुरू झाला तेव्हा त्याची क्षमता दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्याची होती. म्हणजे सगळा डोलारा घरातल्या बाईच्या दोन डब्यांवर उभा, हे मी म्हटलं. मग त्यांनी पैशांकडे वळवलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये महापालिकेने २४४ कोटींचे ग्रीन बॉण्ड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढले, व्याज ८.२५ टक्के. बाबांनी थोडे घेतले होते, त्यामुळे पैसा कशाला हवा ते मला ठाऊक होतं: जलूदहून नर्मदेचं पाणी उपसून इंदूरला आणायला प्रचंड वीज लागते, त्यासाठी ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प. "कचऱ्यावरून पाण्यावर कशी आलीस?" असं एकांनी विचारलं. मी म्हटलं, सर, आलात तुम्ही.

लोकमान्य नगर, आयपीएमची विद्यार्थिनी

बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कोर्सचं (आयआयएम इंदूरने २०११ मध्ये सुरू केला तो) थोडक्यात. सतराव्या वर्षी कुणाकडेच काही नसतं, म्हणून छंदावर खोदतात. मी सानंद या इंदूरच्या संस्थेची नाटकं बघते असं लिहिलं होतं. विचारलं, मुंबईचं नाटक इंदूरला आणणं परवडतं कसं? ट्रकभर नेपथ्य, नटांचा प्रवास, मुक्काम असं मी मोजत गेले आणि म्हटलं, आधीच वर्गणी भरलेले सभासद नसते तर तिकीटविक्रीच्या भरवशावर हे धाडस कुणी केलं नसतं. आजीच्या पासवर मी जाते हेही सांगून टाकलं.

पिथमपूर, आयएसबीच्या अनुभवातून

निबंधांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. आपल्याकडे स्वतःची टिमकी वाजवायची नाही हे लहानपणापासून शिकवतात, त्यामुळे माझ्या पहिल्या मसुद्यात सगळं काम कारखान्यानेच केलं होतं, मी जणू शिफ्टला नव्हतोच. एका मित्राने समासात प्रत्येक वाक्यापुढे "कुणी?" लिहून परत पाठवलं.

शिफारसपत्रासाठी मोठ्या साहेबांच्या मागे लागू नका. त्यांना तुम्ही आठवत नाही. माझं पत्र लाइन मॅनेजरने लिहिलं, आणि त्यात एका डायच्या (साच्याच्या) बदलावरून आमचं कसं वाजलं होतं तेही लिहिलं. मला वाटतं त्या भांडणानेच पत्र खरं वाटलं असेल.

नंदलालपुऱ्याकडचा, घरचा शेवेचा धंदा

काय भिया, सगळे शहाणे एकाच धाग्यात! माझं ऐका.

"वडिलांचा धंदा वाढवायचाय" हे उत्तर दिलं की ठरलेला चेंडू येतो: मग दुकानावर बस ना, दोन वर्षं आणि एवढी फी कशाला? मी सप्टेंबर २०२४ पासून सुरुवात केली. तेव्हा कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क एकदम शून्यावरून २० टक्क्यांवर गेलं. दिवाळी तोंडावर, शेवेला तेल लागतंच, आणि पाकिटावरची किंमत आधीच छापलेली. वडिलांनी वजन कमी केलं नाही, भावही वाढवला नाही, सणाचा नफा सोडला. मी सांगितलं की हा निर्णय बरोबर होता की नाही हे आमच्या घरात कुणालाच मोजता येत नाही, कारण कुठल्या पाकिटावर किती सुटतं याचा हिशेबच नाही. सगळा गल्ला एकच.

पॅनेल म्हणालं, हे तर एखादा चांगला अकाउंटंट करेल. मी म्हटलं, करेल, पण वजन कमी करायचं की गिऱ्हाईक टिकवायचं हे तो ठरवणार नाही. त्यावर एक सर म्हणाले, तुझ्या वडिलांनी ते ठरवलं की, कॉलेजला न जाता. याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. थोड्या वेळाने म्हटलं, हो, पण त्यांना एका दुकानाचं ठरवायचं होतं.

एका ठिकाणी घेतलं, बाकीच्यांच्या वेटिंग लिस्टा जागच्या हलल्या नाहीत. वडिलांना विचाराल तर ते म्हणतात, तेलाचे डबे महागायच्या आधी भरायचे, यात शिकायचं काय आहे.