आरोपीचं वकीलपत्र घ्यायचं नाही, असा ठराव वकील संघाने करावा का?

ओसरीवरून
हल्ल्याची, अत्याचाराची मोठी घटना घडली की दोन दिवसांत बातमी येतेच: आरोपीचं वकीलपत्र कोणीही घेणार नाही, वकील संघाचा एकमताने ठराव. खाली शाबासक्या. मला हे पटत नाही. अटक झालेल्याला पसंतीचा वकील घेण्याचा हक्क घटनेच्या कलम २२ ने दिलाय. सर्वोच्च न्यायालयाने तर २०१० मध्येच असे ठराव रद्दबातल ठरवले. गंमत म्हणजे ते प्रकरण कोइम्बतूरचं आणि वकिलांचा बहिष्कार होता तो पोलिसांवर! उद्या कोणाची पाळी येईल, सांगता येत नाही.

साताऱ्याची_लेक
कलमं आम्हालाही ठाऊक आहेत. पण "इतक्या रात्री तिथे काय करत होतीस?" असं भर कोर्टात विचारणारा वकीलच असतो ना? पुढे वर्षानुवर्षं तारखाच पडणार आहेत. निदान सुरुवातीला तरी गाव आपल्या बाजूने आहे असं पीडितेला वाटू द्या की.

रांगडा_पैलवान
कसाबला वकील दिला, बिर्याणीपण दिली. आमच्या पैशाने.

ओसरीवरून
पैलवान, बिर्याणीची गोष्ट आपणच रचली होती हे कसाब खटल्यातले सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये स्वतः सांगून टाकलंय. आणि वकील मिळाला म्हणून फाशी टळली का? २०१२ मध्ये येरवड्यात झालीच. उलट निकालाकडे बोट दाखवायला जागा उरली नाही.

काळा_कोट
मी फौजदारीच करतो, म्हणून रिमांडचं, म्हणजे अटकेनंतर कोठडीसाठी कोर्टात उभं करतात त्याचं, सांगतो. पोराला आणतात, घरचं कोणी सोबत नाही. मॅजिस्ट्रेट विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" शेजारी हवालदार उभा. पोरगं मान हलवतं, नाही. पाच मिनिटांत कोठडी. वकील असेल तर अटकेची कारणं दिली का, मेडिकल झालं का, एवढं तरी विचारतो.
आणि मारहाणीच्या सगळ्याच केसेस पेपरात येण्याइतक्या मोठ्या नसतात. बांधावरून झालेली साधी दुखापत अदखलपात्र असते, म्हणजे वॉरंटशिवाय अटक नाही; पोलीस एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करतात. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, गरज नसेल तर नोटीस द्यायची, हे सर्वोच्च न्यायालयाच्या अर्णेश कुमार निकालाने २०१४ मध्येच सांगितलं. वकीलच नसेल तर हे त्या शेतकऱ्याला कळणार कसं?

दर्याकिनारी
नाशिकचं २००३ चं प्रकरण आठवतंय का कोणाला? दरोडा, खून, बलात्कार. भटक्या समाजातले सहा जण पकडले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली आणि २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख भरपाई देऊन. वाचलेल्या बाईने सुरुवातीला पोलिसांकडच्या फोटोंतून दुसरेच चौघे ओळखले होते. त्यांच्यावर खटलाच चालला नाही. तिला तरी न्याय मिळाला का यातून?

साताऱ्याची_लेक
दर्याकिनारी, तो दोष पोलिसांचा, वकील संघाच्या ठरावाचा नाही. त्या सहा जणांना वकील होते, तरी फाशी सुनावलीच ना? आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्याला मुंबईहून वकील मिळतो, ठराव असो नसो. कोठडीतल्याला तर उत्पन्न न बघता फुकट वकील. तिला काय?

काळा_कोट
तिलाही फुकट मिळतो, ताई. विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्यात महिलांनाही उत्पन्नाची अट नाही. शिवाय सरकारी वकिलाच्या मदतीला स्वतःचा वकील देता येतो. चारित्र्यावरचे प्रश्न तर कायद्यानेच बंद आहेत, फक्त तिथल्या तिथे हरकत घ्यायला कोणीतरी उभं हवं.

साताऱ्याची_लेक
हे तिला पोलीस स्टेशनात कोणी सांगतं का?

काळा_कोट
क्वचित. खरं तर संघाने त्या बैठकीत तिच्यासाठी दोन वकील उभे करायचा ठराव करायला हवा.

साताऱ्याची_लेक
करा की मग. एका तरी तालुक्यात करून दाखवा, मग आरोपीच्या हक्कांवर बोलू.