परसातल्या ५००० लिटरच्या हौदाला कोणता फिल्टर बसवावा?

पाणवेल
मंडळी, परसात सिमेंटचा हौद आहे. १० फूट बाय ६ फूट, खोली ३ फूट, म्हणजे साधारण ५००० लिटर. मासे: १२ गोल्डफिश आणि ३ कोई, सगळे वीतभर. खाणं रोज ५० ग्रॅम. सध्या स्पंज भरलेला खोक्याचा फिल्टर आहे, पंपावर 'ताशी ३००० लिटर' लिहिलंय. दर रविवारी स्पंज नळाखाली स्वच्छ धुतला जातो. तरीही कोपरापर्यंत हात बुडवला की बोटं दिसत नाहीत, आणि पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत असतात.
प्रेशर फिल्टर (बंद डब्यातून दाबाने पाणी गाळणारा) घ्यावा, ड्रमचा घरी करावा, की स्विमिंग पूलवाला वाळूचा फिल्टर चालेल?

निळा_ड्रम
वाळूचा डोक्यातून काढून टाका. पूलमध्ये विष्ठा आणि शेवाळ नसतं. हौदात त्यांनी वाळूचे गठ्ठे बनतात, पाणी एखाद्या फटीतून वाट काढून न गाळताच बाहेर पडतं. शिवाय त्याला जोरदार पंप लागतो, विजेचा खर्च वेगळाच.

प्रेशर फिल्टर जागेची अडचण असेल तरच. त्याच्या खोक्यावर जो लिटरचा आकडा असतो तो, कोई असतील तर, निम्मा धरायचा.

तुमच्या हौदाला २०० लिटरचे दोन ड्रम उत्तम. आधी रसायनं भरलेले ड्रम नकोत.

पहिला ड्रम फक्त गाळासाठी. पाणी खालून, तेही भिंतीला घासून तिरकं आत सोडा. ते गोल फिरतं, जड घाण मध्यभागी तळाला बसते. तळाशी दीड इंची बॉल व्हॉल्व, वरच्या भागात जाड जाळीदार मॅट. दुसऱ्यात माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणाऱ्या बॅक्टेरियांचं घर: प्लास्टिकची चाकं (के-वन प्रकारची) ५० लिटर, खाली एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) आणि तळाशी तसाच व्हॉल्व. चाकं सतत घुसळत राहिली पाहिजेत. बाहेर पडायच्या तोंडाला जाळी लावा, नाहीतर सगळी चाकं हौदात तरंगताना दिसतील.

आत येणारा पाइप १ इंच असेल तर बाहेर जाणारा २ इंच हवा. आत पंप ढकलतो, बाहेर मात्र पाणी आपल्या वजनानेच उतरतं. इथे बहुतेक जण चुकतात आणि ड्रम काठावरून वाहू लागतो. याच कारणासाठी पंप तळापासून वीतभर वर ठेवा, म्हणजे पाइप निसटला तरी हौद पूर्ण रिकामा होणार नाही. जोडाला टँक निपल (ड्रमच्या भोकात बसणारा जोड) आणि युनियन (खोलता येणारा जोड) वापरा, चिकटवून टाकू नका. पंप एका टोकाला, परतीचं पाणी दुसऱ्या टोकाला.

आता पंप. ३००० हा आकडा शून्य उंचीचा, म्हणजे पाणी वर चढवायचं नसतानाचा असतो. ड्रमच्या तोंडाशी २० लिटरची बादली धरून घड्याळ लावा. २९ सेकंदांत भरली तर ताशी २५०० लिटर, म्हणजे दोन तासांत हौदाच्या सगळ्या पाण्याची एक फेरी. तुमच्या माशांना सध्या एवढं पुरे. ५० सेकंद लागले तर जेमतेम १४४० लिटर मिळतंय, मोठा पंप लागेल. कोई वाढले की तासाला एक फेरी लागेल.

गाळीव
ड्रम जरूर करा, पण आधी रविवारची धुलाई थांबवा. खरा घोटाळा तिथे आहे. नळाच्या पाण्यातला क्लोरीन स्पंजमधले बॅक्टेरिया मारतो, म्हणजे दर आठवड्याला तुमचा फिल्टर कोरा होतो.

हिशोब बघा. ५० ग्रॅम खाण्यातून दीड ग्रॅमच्या आसपास अमोनिया-नायट्रोजन तयार होतो. ५००० लिटरला भागा: दर लिटरला रोज ०.३ मिलिग्रॅम. बॅक्टेरिया नसतील तर तीन-चार दिवसांत पातळी १ च्या वर. हिरव्या पाण्यात दुपारी पीएच चढतो, त्यामुळे तोच अमोनिया आणखी विषारी होतो. पहाटेचा त्रास मात्र बहुधा ऑक्सिजनचा: शेवाळ रात्रभर श्वास घेतं. आजपासूनच रात्री हवेचा पंप लावा.

साफसफाई अशी: पहिल्या ड्रमचा व्हॉल्व आठवड्यातून दोनदा, पाणी नितळ येईपर्यंत. मॅट हौदाच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत दोनदा दाबायची, तीही एका वेळी निम्मीच. दुसरा ड्रम धार कमी होईपर्यंत उघडायचा नाही. तपकिरी, बुळबुळीत चाकं बघून हात शिवशिवतात, पण ती बुळबुळ हीच तर कमाई आहे.

जुना स्पंज न धुता दुसऱ्या ड्रममध्ये टांगा. तरी बॅक्टेरियांचा जम बसायला ४ ते ६ आठवडे धरा. तोवर खाणं निम्मं, अमोनिया-नायट्राइट एक दिवसाआड तपासा. नायट्राइट (अमोनियापासून बॅक्टेरिया बनवतात तो, तोही विषारी) दिसला तर १००० लिटरला १ किलो मीठ. ते नायट्राइट काढत नाही, कल्ल्यांतून आत जाण्यापासून अडवतं. पाणवनस्पती असतील तर जपून.

केएचही (पीएच स्थिर ठेवणारी पाण्यातली कार्बोनेट क्षारता) बघा, बॅक्टेरिया तो खातात. ८० पीपीएमखाली (लिटरमागे मिलिग्रॅम) गेला तर खाण्याचा सोडा घाला. तुमच्या हौदात १७० ग्रॅमने साधारण २० पीपीएम वाढतो. एकदम सगळा ओतू नका.

पाणवेल
धुलाई बंद! यूव्ही दिवा लागेल का? आणि वीज गेली तर?

निळा_ड्रम
तरंगतं हिरवं शेवाळ घालवायला यूव्हीच, १८ वॅट पुरेल. भिंतीवरच्या केसाळ शेवाळावर त्याचा काही परिणाम नाही. दिवा वर्षाने बदला. निळा उजेड दिसत राहतो, पण कामाचे किरण ओसरलेले असतात. आतली काच दोन-तीन महिन्यांनी व्हिनेगरने पुसा, दिवा बंद करूनच. सगळ्या जोडणीला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच.

गाळीव
वीज तास-दोन तास गेली तर फारसं बिघडत नाही. सहा-आठ तास गेली तर ड्रममधलं पाणी हवेविना सडलेलं असतं, पंप लगेच चालू करू नका. आधी दोन्ही ड्रम तळाच्या व्हॉल्वने बागेत रिकामे करा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर त्यातला तांब्याभरही हौदात जाऊ द्यायचा नाही.