'लेइ'ला मराठीत काय म्हणावं?

अनुजा_कोथरूड :
हवाई बेटांची भाषा आणि तिथल्या चालीरीती मुलांच्या ओळखीच्या व्हाव्यात म्हणून केलेला एक संच मराठीत आणायचं काम हाती घेतलंय. एक चित्रपुस्तक, एक बैठा खेळ आणि रंगवायची वही. अडलंय ते 'लेइ' या शब्दापाशी. पुस्तकात आजी नातवाच्या गळ्यात लेइ घालते आणि त्याचा पापा घेते. मी 'फुलांची माळ' लिहिलं. संपादकांनी ते खोडून 'फुलांचा हार' केलं. त्यांचं म्हणणं, माळ मण्यांची, तुळशीची, रुद्राक्षांची. फुलांचा तो हारच. आमच्याकडे नवरात्रात घटावर रोज फुलांची माळच चढते आणि 'आज तिसरी माळ' असंच म्हणतात. शिवाय 'हार' वाचलं की मुलांना सत्कार आठवणार, नाहीतर भिंतीवरचा आजोबांचा फोटो. तुम्ही काय लिहाल?

केळशीकर :
संपादकांचं बरोबर नाही. वरमाला काय रुद्राक्षांची असते? माळ फुलांची असतेच. आणि संचात खेळ आहे म्हणता, तर 'हार' आणखी घोटाळ्याचा. एका पानावर गळ्यात हार, पुढच्या पानावर खेळात हार.
पण मी असतो तर सरळ 'वळेसर' लिहिलं असतं. तळकोकणात सुरंगीचे वळेसर विकायला येतात, त्यांचा वास गल्लीभर पसरतो. असे शब्द पुस्तकात आलेच नाहीत तर मरतील.

फोंड्याची_शमा :
वळेसर केसांत माळायचा, गळ्यात घालायचा नव्हे. आमच्याकडे अबोलीची, जायांची फाती म्हणतात, तीही केसांतच. आजी नातवाच्या डोक्यात फुलं माळतेय असं चित्र होईल.

वैदेही_हिलो :
मी हवाईतल्या हिलोत राहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. अनुजाताई, तुमच्या वाक्यात फुलं आहेत म्हणून प्रश्न हार की माळ एवढाच वाटतोय. लेइ फक्त फुलांची नसते. पिसांची असते, तिला लेइ हुलू म्हणतात. निइहाउ बेटावरच्या बारीक शिंपल्यांची असते आणि ती दागिन्यांच्या भावाने विकली जाते. कुकुईच्या बियांची असते. सरदार घराण्यातल्या लोकांची लेइ तर माणसाच्या केसांच्या वेण्यांना लावलेल्या देवमाशाच्या दाताची. माइले नावाच्या सुगंधी वेलीची लेइ दोन्ही टोकांना मोकळी असते, ती उपरण्यासारखी गळ्यावरून सोडतात. यातल्या कशालाच 'फुलांचा हार' म्हणता येणार नाही.

करायच्या रीतींनाही वेगवेगळे शब्द आहेत. सुईने ओवली की 'कुई'. आधाराच्या दोरीवर फुलं-पानं ठेवून वरून धागा गुंडाळत गेलं की 'विली'. देठांचीच वेणी घातली की 'हिली'. आणि वेणी घालता घालता तिच्यात फुलं बसवत गेलं की 'हाकू'. हाच हाकू गाण्यालाही लागतो : 'हाकू मेले' म्हणजे गाणं रचणं. डोक्यावरच्या लेइला हल्ली सगळे सर्रास 'हाकू' म्हणतात आणि भाषा शिकवणारे दरवेळी सांगतात की हाकू ही कृती आहे, डोक्यावरची ती 'लेइ पोओ'. दुकानांच्या पाट्यांवर मात्र हाकूच.

अजून एक. मोगऱ्याच्या लेइला इथे 'लेइ पिकाके' म्हणतात, आणि पिकाके हा इंग्रजी 'पीकॉक'च. राजकन्या काइउलानीला मोर आवडायचे आणि मोगराही, म्हणून मोराचं नाव फुलाला मिळालं. हवाईयन वर्णमालेत व्यंजनं आठच, त्यांतलं एक ओकिना, म्हणजे घशात क्षणभर थांबणं. व्यंजनाने शब्द संपत नाही. पीकॉकचा पिकाके होतो तो त्यामुळे.

शब्दवेल्हाळ :
वाचता वाचता एक सुचलं. लेइ आणि आपलं 'लेणे'! अंगावर धारण करणे तो अर्थ. दागिने लेणे, शालू लेणे, काजळ लेणे. नुसता योगायोग म्हणून सोडवत नाही. दर्यावर्दी लोक कुठून कुठे गेले असतील!

निरुक्त :
योगायोगच आहे. टोंगा आणि सामोआच्या भाषांत 'लेइ' म्हणजे देवमाशाचा दात, हस्तिदंत. न्यूझीलंडच्या माओरीत तोच शब्द 'रेइ' होतो, कारण हवाईयनमधल्या ल च्या जागी माओरीत र येतो. म्हणजे मूळ अर्थ दात, मग दाताचं लेणं, मग गळ्यात घालायचं काहीही. वैदेहींनी सांगितलेली सरदारांची लेइ या जुन्या अर्थाच्या सगळ्यात जवळ. ही पॉलिनेशियन कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. दोन अक्षरं जुळली म्हणून व्युत्पत्ती होत नाही.

शब्दवेल्हाळ :
व्युत्पत्ती सोडा. प्रतिशब्द म्हणून पाहा. 'लेणं' यात फुलं, पिसं, शिंपले, दात सगळं बसतं. 'आजीने नातवाला मोगऱ्याचं लेणं घातलं.' काय वाईट आहे?

माधवी_सातारा :
दोन अडचणी. एक, मुलांना लेणं म्हटलं की वेरूळ आणि कार्ले. दुसरी मोठी. आमच्याकडे 'लेणं' एकटं येत नाही, 'सौभाग्यलेणं', 'अहेवलेणं' असं येतं. माझी आजी नवरा गेल्यावर फुलाला शिवली नाही. ज्या शब्दाने बायकांच्या एका वर्गाला बाजूला ठेवलं, तो बाई-पुरुष, म्हातारे-पोरं सगळ्यांच्या गळ्यात पडणाऱ्या लेइला लावू नये, असं मला मनापासून वाटतं.

शब्दवेल्हाळ :
पण ज्ञानेश्वरीपासून चालत आलेला शब्द एका प्रथेपायी टाकून द्यायचा? उलट नव्या जागी वापरला तर तो सुटेल.

रानफूल :
वैदेहीताई, तिथे ही लेइ नंतर टाकतात कुठे?

वैदेही_हिलो :
कचऱ्यात टाकत नाहीत. झाडावर टांगतात, नाहीतर मातीत परत देतात. आणि देणाऱ्याच्या देखत गळ्यातून काढत नाहीत. गरोदर बाईला बंद लेइ देत नाहीत, मोकळ्या टोकांची देतात.

रानफूल :
म्हणजे निर्माल्य. तुमच्या पुस्तकात शेवटी ती लेइ झाडावर टांगलेली दाखवली असेल तर तिथे हा शब्द हमखास वापरा. दुसऱ्या कुठल्या भाषेत एवढा नेमका शब्द मिळणार नाही.

निरुक्त :
निर्माल्य म्हणजे देवाला वाहून उतरलेलं. आजीने नातवाला घातलेल्या लेइचं निर्माल्य होत नाही.

रानफूल :
आमच्याकडे लग्नातल्या मुंडावळ्या आणि हारसुद्धा निर्माल्यातच जातात.

दिनकर_शुद्धलेखन :
एवढी चर्चा झाली, पण कोणी हे विचारलं नाही की परका शब्द ठेवायचाच कशाला. राज्यव्यवहारकोश ज्या भाषेत झाला, ज्या भाषेला सावरकरांनी 'महापौर' दिला, तिला गळ्यातल्या फुलांना शब्द सापडू नये? हवाईयन लोकही हेच करतात. संगणकाला 'लोलो उइला' म्हणतात : विजेचा मेंदू. त्यांच्याकडे नव्या शब्दांची समिती आहे. त्यांच्याकडून शिकायचं ते हे.

वैदेही_हिलो :
समिती आहे, आणि तिच्या शब्दांवरून इथेही भांडण आहे. घरातून भाषा बोलत आलेले वृद्ध, विशेषतः निइहाउचे लोक, यांना विद्यापीठातली हवाईयन कधी कधी परकी वाटते. आणि पुस्तकाला सगळे 'पुके' म्हणतात, टेलिफोनला 'केलेपोना'. ते बदलावं असं कोणी म्हणत नाही.

काका, एक बाजू लक्षात घ्या. १८९६ च्या कायद्याने शाळांतून ही भाषा गेली. तिला राजभाषेचा दर्जा १९७८ साली मिळाला. १९८४ मध्ये कावाई बेटावर पहिलं 'पूनाना लेओ' निघालं, म्हणजे आवाजांचं घरटं, जिथे बालवाडीची मुलं फक्त हवाईयन बोलतात. मुलांना वाचायला पुस्तकंच नव्हती. आईबाप इंग्रजी चित्रपुस्तकांतल्या ओळींवर हवाईयन ओळींच्या पट्ट्या चिकटवत. ज्यांनी एकेक शब्द असा परत मिळवला, त्यांच्या संचातून पहिल्याच पानावर त्यांचा सगळ्यात लाडका शब्द आपण काढायचा? मी तरी 'लेइ'च ठेवेन.

दिनकर_शुद्धलेखन :
मग निदान दीर्घ लिहा. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ असतो. 'लेई'.

केळशीकर :
लेई म्हणजे पुस्तक बांधायची खळ!

माधवी_सातारा :
आणि लिंग? तो, ती की ते? हारावरून 'तो', माळेवरून 'ती', लेण्यावरून 'ते'. वैदेहीताई इतका वेळ 'ती लेइ' लिहितायत.

वैदेही_हिलो :
त्यांच्या भाषेत नामाला लिंग नाही. आम्ही मराठी मंडळी आपसांत 'ती'च म्हणतो, का ते कधी विचारलं नाही.

केळशीकर :
मग 'ती माळ'च डोक्यात आहे. माझा पहिला मुद्दा तोच होता.

रुईकर :
फुलांवरून निघालंच आहे तर एक भर. हवाईत 'पुआ कलाउनू' नावाच्या फुलांची लेइ करतात, राणी लिलिउओकलानीची आवडती. कलाउनू म्हणजे इंग्रजी 'क्राउन', मुकुट. ते फूल म्हणजे आपली रुई. शनिवारी मारुतीला आपण तोच हार घालतो. एवढा थेट दुवा असताना 'हार' का नको?

रानफूल :
मारुतीला रुईच्या पानांचा हार असतो, फुलांचा नाही.

रुईकर :
आमच्या गावात पानांत फुलंही ओवतात. लहानपणी मी स्वतः तोडून आणायचो, चीक हाताला लागायचा.

अनुजा_कोथरूड :
सगळ्यांचे आभार, पण मी आणखी गोंधळले! मध्येच खेळाचंही विचारून घेते. खेळाचं नाव 'कोनाने'. पटावर काळे-पांढरे खडे एकाआड एक भरायचे, दोन खडे उचलून जागा करायची, मग दुसऱ्याच्या खड्यावरून सरळ रेषेत उडी मारून तो उचलायचा. ज्याला उडी मारता येणार नाही तो हरला. चाचणीत मुलांनी 'कोनाने खेळा' हे वाचून कोनमापक शोधला.

केळशीकर :
'कोनाने हा खेळ खेळा' करा. आणि 'मोहरे' वगैरे नको, खडे ते खडेच. त्यांच्याकडेही काळे लाव्ह्याचे, पांढरे पोवळ्याचे, आणि पट खडकात कोरलेले. आपल्या किल्ल्यांवर, लेण्यांच्या फरश्यांवर असे कोरलेले पट आहेतच.

माधवी_सातारा :
तिथेही लेणी आली.

वैदेही_हिलो :
अनुजाताई, मूळ वाक्यासाठी एक राहिलं. हवाईयन गाण्यांत 'लेइ' म्हणजे लाडकं मूलही. खांद्यावर बसवलेल्या पोराचे पाय गळ्याच्या दोन्ही बाजूंना लोंबतात, ती आईबापांची लेइ. तुमच्या पुस्तकात आजी नातवाला 'माझी लेइ' म्हणत असेल तर तिथे हार-माळ काहीच चालणार नाही.

अनुजा_कोथरूड :
म्हणते! शेवटच्या पानावर. मी ते अजून केलेलंच नाही.

माधवी_सातारा :
तिथे 'माझ्या गळ्यातला ताईत' लिहा. हजारो मैलांवरून आणायला नको, आपल्या आज्या हेच म्हणायच्या.

निरुक्त :
ताईत दृष्ट लागू नये म्हणून बांधतात. अर्थ जवळचा, पण पहिल्या पानावर लेइ आणि शेवटच्या पानावर ताईत आला तर दोन्हींतला धागा तुटेल. दोन्हीकडे एकच शब्द हवा, मग तो कुठलाही घ्या.

शब्दवेल्हाळ :
'माझं लेणं.' दोन्ही पानांवर चालतं. मी आधीच म्हटलं होतं.

माधवी_सातारा :
नाही. माझी हरकत कायम आहे.

फोंड्याची_शमा :
शब्द कुठलाही घ्या, क्रियापद सांभाळा. वर कोणीतरी 'ओवतात' लिहिलंय. सुईने ओवला तर हार. गजरा ओवत नाहीत, दोऱ्याच्या गाठी मारत बांधतात. चित्रात आजीच्या हातात सुई आहे का ते आधी पाहा.

केळशीकर :
आमच्याकडे गजरा 'करतात'. बांधतात ती मोळी.

रुईकर :
विदर्भात 'गुंफतात'. माझी आई वेणी, गजरा, हार सगळ्याला गुंफणंच म्हणायची.

फोंड्याची_शमा :
तुमच्या आईचा गजरा सुईने होता की दोऱ्याने? तेवढं सांगा, मग बोलू.