विधवेच्या हाती लागलेली किल्ली

प्रश्न : मी एक काळोखी परीकथा लिहीत आहे. पतीच्या निधनानंतर नायिकेला त्याच्या कोटाच्या अस्तरात शिवलेली किल्ली सापडते आणि त्याची गुपिते एकेक करून उघडी पडू लागतात. परंतु बंद खोलीचे दार उघडताच तिचे दुःख ओसरते व केवळ राग उरतो. ही अडचण कशी सोडवावी?

उत्तर १ : फ्रेंच लेखक शार्ल पेरो यांची १६९७ मधील ‘निळी दाढी’ ही परीकथा पुन्हा वाचावी; तिच्यात पतीने मनाई केलेली खोली पत्नी उघडते आणि आत त्याच्या आधीच्या बायकांची प्रेते दिसतात. तिथे किल्लीवरचा रक्ताचा डाग एका बाजूने घासून काढला की दुसऱ्या बाजूला उमटतो. मात्र तिथली पत्नी पती जिवंत असताना दार उघडते, म्हणून तिच्या वाट्याला भीती येते; आपल्या नायिकेला शिक्षा करणारा कोणी उरलेला नाही, तसेच जाब द्यायलाही कोणी नाही. खरी धग तिथे आहे.

उत्तर २ : सहमत. खोलीत जे आहे ते पाहून झाल्यावरही ती कोटाचे उसवलेले अस्तर पुन्हा शिवायला बसते, एवढेच दाखवावे. (परीकथेत भावनांचा खुलासा मला तरी खटकतो.)

उत्तर ३ : पेरोंच्या कथेतही ती शेवटी विधवाच होते आणि पतीची सारी संपत्ती तिला मिळते, त्यातूनच ती बहिणीचे लग्न लावून देते. शोकाबद्दल तिथे अवाक्षर नाही. आपली कथा त्याच मौनापासून सुरू करता येईल.