विषय: कलम ४ – पाच रिपोर्ट आले की पोस्ट आपोआप झाकायची?

प्रेषक: नियमावली समिती

नमस्कार मंडळी,
आपल्या मंडळाच्या ऑनलाइन चर्चामंचाच्या नियमावलीच्या मसुद्यातल्या दोन कलमांवर मत हवं आहे. कलम ४: पाच सदस्यांनी रिपोर्ट केलेली पोस्ट आपोआप झाकली जाईल, मॉडरेटर (चर्चेवर देखरेख ठेवणारे सदस्य) सवडीने निर्णय घेतील. कलम ९: खोटा रिपोर्ट करणाऱ्याचं सदस्यत्व रद्द होईल. रविवारपर्यंत कळवा.

प्रेषक: वि., तांत्रिक चमू

ताई,
कलम ४ मधला घातक शब्द ‘पाच’ नव्हे, ‘सवडीने’ आहे. टोळीने रिपोर्ट मारणाऱ्यांना पोस्ट कायमची उडवायची नसतेच. चर्चा तापलेली असताना ती सहा-आठ तास दिसली नाही की त्यांचं काम झालं. नंतर आपण ती परत आणतो, तेव्हा वाचायला कोणी उरलेलं नसतं. शिवाय आकडा एकदा नियमावलीत छापला की पाच खाती जमवायला कितीसा वेळ लागतो?

रिपोर्टच्या संख्येवरून पोस्ट काढली जात नाही, असं फेसबुक उघडच सांगतं. डिस्कोर्स या फोरम-सॉफ्टवेअरमध्ये रिपोर्ट मोजतात, पण प्रत्येकाचं वजन वेगळं. अगदी नव्या सदस्याला रिपोर्ट करताच येत नाही. ज्याचे आधीचे रिपोर्ट मॉडरेटरनी मान्य केले त्याचं वजन वाढतं, ज्याचे अमान्य झाले त्याचं घटतं. आपल्याला एवढ्यासाठी सॉफ्टवेअर नको, चार रकान्यांचा तक्ता पुरे: रिपोर्ट करणारा, पोस्टची लिंक, मोडलेला नियम, निकाल. ज्याच्या दहापैकी आठ तक्रारी अमान्य झाल्या, त्याची अकरावी रांगेत जरूर घ्या, पण तिच्यामुळे काही आपोआप झाकलं जाऊ नये.

प्रेषक: स., मॉडरेटर

काका, पटलं. पण रात्री कोणी दुसऱ्याचा घरचा पत्ता टाकला तर सकाळपर्यंत तो तसाच दिसू द्यायचा?

प्रेषक: वि., तांत्रिक चमू

अजिबात नाही. म्हणूनच आधी कारणं वेगळी करा. पत्ता-फोन उघड करणं, धमकी, जाहिरातींचा कचरा: इथे ज्याचा हिशेब स्वच्छ आहे अशा एकाच सदस्याच्या रिपोर्टवर पोस्ट झाका. ‘असभ्य’, ‘विषयाला सोडून’, ‘चुकीची माहिती’ ही मतभेदाची कारणं. त्यांच्यासाठी पन्नास रिपोर्ट आले तरी आपोआप काही होऊ नये, माणसानेच बघावं. खोट्या रिपोर्टचा बहुतेक गठ्ठा याच तीन कारणांखाली सापडतो, कारण तिथे खोटेपणा सिद्ध करणं अवघड.

अट अशी घाला की झाकलेल्या पोस्टवर १२ तासांत निर्णय झाला नाही तर ती आपोआप उघडेल. अपवाद पत्ता-फोन आणि धमकीचा. त्यामुळे मॉडरेटरच्या आळसाचा फायदा टोळीला फार काळ मिळत नाही.

आणखी एक फट. एकदा ‘ठीक आहे’ म्हटलेल्या पोस्टवर पुन्हापुन्हा रिपोर्ट येत राहतात. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर मॉडरेटरना अशा पोस्टचे पुढचे रिपोर्ट दुर्लक्षित करायची सोय आहे. आपणही ठेवावी, पण लेखकाने मजकूर बदलला की ती सूट संपली पाहिजे. नाहीतर साधी पोस्ट मंजूर करून घ्यायची आणि मग तिच्यात शिव्या भरायच्या, हा मार्ग मोकळा राहतो.

प्रेषक: ज., नियमावली समिती

कलम ९ फार कडक वाटतं. चुकीचा रिपोर्ट आणि खोटा रिपोर्ट यांत फरक आहे. नियम नीट न समजल्याने केलेल्या रिपोर्टला शिक्षा झाली तर उद्या खरा त्रास झालेलाही गप्प बसेल.

युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याचं २३वं कलम बघण्यासारखं आहे (कायदा १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू आहे). वारंवार उघडउघड निराधार तक्रारी करणाऱ्याच्या तक्रारी, आधी ताकीद देऊन, काही काळ विचारात घेणं थांबवायचं. त्याआधी चार गोष्टी तपासायच्या: निराधार तक्रारी एकूण किती, सगळ्या तक्रारींत त्यांचं प्रमाण किती, गैरवापर किती गंभीर, आणि कळत असेल तर हेतू काय. ‘उघडउघड’ म्हणजे खोलात न शिरता सामान्य माणसालाही दिसेल इतकं. लहान संस्थांना हे कलम बंधनकारक नाही, पण उचलायला काय हरकत आहे?

प्रेषक: स., मॉडरेटर

हेतू ओळखायच्या खुणा: वेगवेगळ्या रिपोर्टमध्ये शब्दन् शब्द तोच मजकूर, एकाच माणसाच्या दोन-दोन वर्षं जुन्या पोस्ट उकरून केलेले रिपोर्ट, आणि एक कारण अमान्य झालं की त्याच पोस्टवर लगेच दुसरं. नुसती वेळ जुळली म्हणून मात्र संशय घेऊ नका. कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकली की प्रामाणिक माणसंही दहा मिनिटांत एकदम येऊन रिपोर्ट करतात.

जाता जाता: व्हॉट्सअ‍ॅपच्या आतलं ‘रिपोर्ट’ बटण ॲडमिनकडे नाही, कंपनीकडे जातं, सोबत शेवटचे पाच मेसेजही. तिथे दाबून ‘मंडळाने काहीच केलं नाही’ म्हणणारे भेटतात, म्हणून आपल्याकडे तक्रार कुठे करायची ते नियमावलीत लिहाच.

प्रेषक: वि., तांत्रिक चमू

सहमत. रिपोर्ट करणाऱ्याचं नाव पोस्टच्या लेखकाला कधीही कळू नये, खोटा रिपोर्ट निघाला तरी. ते फुटलं की सूडाचे रिपोर्ट सुरू.

राहिले मॉडरेटर. स्लॅशडॉट या तंत्रज्ञानाच्या बातम्या-चर्चेच्या संकेतस्थळावर सदस्यच मॉडरेटर म्हणून इतरांच्या प्रतिक्रियांना गुण देतात, पण ज्या चर्चेत तुम्ही लिहिलंत तिथे तुम्हाला गुण देता येत नाहीत. आपणही हाच नियम ठेवू. त्यांनी १९९९ मध्ये आणलेली दुसरी युक्तीही घेण्याजोगी आहे: मॉडरेटरचे निर्णय इतर सदस्य तपासतात. महिन्याला २० निकाल चिठ्ठ्या टाकून काढा, नावं खोडा, आणि मॉडरेटर नसलेल्या दोघांना द्या. पाचाहून जास्त निकालांवर त्यांचं मत वेगळं पडलं तर आधी नियमाची भाषा तपासा, माणूस नंतर.

प्रेषक: नियमावली समिती

कलम ४ आणि ९ मागे घेतली. नवा मजकूर गुरुवारी पाठवते. ‘विषयाला सोडून’ची व्याख्या कोण लिहून देईल?