दर दहा किलोमीटरवर चार्जिंगचा खांब हवाच का?

रानवाट
सहा गावांना जोडणारा ९० किलोमीटरचा ई-सायकल मार्ग आखतोय. लोकांनी घाईने निघून न जाता गावात दोन रात्री राहावं, एवढीच इच्छा. दर दहा किलोमीटरवर चार्जिंगचा खांब हवा असा काहींचा आग्रह आहे, पण त्यातच सगळा निधी संपेल. ज्यांनी असा प्रवास केलाय त्यांनी सांगावं.

दोनचाकी
कळकळीने सांगते, खांबांवर पैसे घालू नका. ५०० वॉट-तासांची बॅटरी सपाटीवर पन्नासेक किलोमीटर सहज नेते. सोबतचा चार्जर बहुतेकदा २ अँपिअरचा असतो. ३६ व्होल्टच्या बॅटरीत तो तासाला सत्तर-पंच्याहत्तर वॉट-तास भरतो. अर्धा तास थांबून हाती काय, तर तीन-चार किलोमीटर! पूर्ण भरायला सहा-सात तास लागतात. हे रात्रीचं, मुक्कामाचं काम आहे.

एका मुक्कामी सायकल ठेवायला व्हरांडा होता आणि प्लग आतल्या खोलीत. माझी बॅटरी फ्रेममध्ये पक्की बसवलेली, निघत नाही. चोवीस किलोची सायकल उंबऱ्यावरून आत घेऊ देईनात. खिडकीतून वायर ओढली, बादली उपडी घालून तिच्यावर चार्जर ठेवला. बाहेर धो धो पाऊस. वळचणीचं पाणी चार्जरपर्यंत येत नाही ना, हे बघायला रात्रीतून दोनदा उठले. म्हणून म्हणते, मुक्कामाला पक्कं छप्पर, कुलूप घालायला जमिनीत रोवलेली लोखंडी कमान, कमरेच्या उंचीवर प्लग आणि त्याला लागून चार्जर ठेवण्यापुरती फळी, एवढं आधी करा. प्लग घरात असतो तसाच साधा. कंपनीगणिक बॅटरीची पिन वेगळी असते, त्यामुळे तयार चार्जर बसवलात तर निम्म्यांच्या उपयोगी पडणार नाही.

मैलाचा दगड
ताईंशी सहमत. वाचलेल्या निधीतून प्रत्येक चौकाला एक आकडा द्या आणि पुढच्या चौकांचे आकडे बाणांनी दाखवणारे फलक लावा. बेल्जियममधल्या लिंबुर्गमध्ये १९९५ पासून ही पद्धत आहे. १४ वरून २७, तिथून ३१, एवढं कागदावर लिहून घेतलं की झालं. फोन खिशात राहतो आणि वाटेत मन बदललं तरी माणूस चुकत नाही.

रानवाट
तिसऱ्या आणि चौथ्या गावामध्ये ५०० मीटरचा चढ आहे. तिथे तरी खांब हवा ना?

दोनचाकी
माणूस, सायकल, सामान मिळून १०० किलो धरा. तेवढं वजन ५०० मीटर वर न्यायला १३६ वॉट-तास लागतात. मोटरमधली घट धरली तर पावणेदोनशेच्या आसपास, तेही पायांनी काहीच जोर दिला नाही तर. भरलेल्या बॅटरीला हे जड नाही, दिवसभर दमलेल्या बॅटरीला आहे. तेव्हा पहिला मुक्काम तिसऱ्या गावातच ठेवा, सकाळी ताज्या बॅटरीवर चढ लागेल. आणि उताराच्या वळणांवरची खडी आधी हलवा. एवढी जड सायकल खडीवर घसरली की सावरता येत नाही.

रानवाट
तिसऱ्या गावात एक रिकामी गोदामवजा खोली आहे, उंबरा नाही. उद्या जाऊन दाराची रुंदी मोजतो.