बाई म्हणाल्या, देवाचं घरी बोलायचं

कडीपत्ता
लेक दुसरीत आहे, न्यू जर्सीतल्या सरकारी शाळेत. दर शुक्रवारी सगळा वर्ग गालिच्यावर गोल करून बसतो आणि चार-पाच मुलं आठवड्यात काय झालं ते सांगतात. कुणाकडे कुत्र्याचं पिल्लू आलेलं असतं, कुणी डिस्नेला जाऊन आलेलं असतं. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती होता, शाडूचा. विसर्जन मागच्या अंगणात, बादलीत. तिनं सांगायला घेतलं की हत्तीचं डोकं असलेला देव आमच्याकडे राहायला आला होता, मग आम्ही त्याला पाण्यात बसवलं, रात्रभर तो हळूहळू माती झाला आणि ती माती आता टोमॅटोच्या कुंडीत आहे. एका मुलानं विचारलं, "देव विरघळला?" तेवढ्यात बाई मध्ये पडल्या. "धर्माच्या गोष्टी आपण घरी बोलतो हं." आणि पुढच्या मुलाचं नाव घेतलं.

घरी आली ती पाठीवरचं दप्तर न काढताच म्हणाली, "आई, गणपती सिक्रेट आहे का?"

बाई वाईट नाहीत. घाबरलेल्या आहेत. पण ज्या नियमाला घाबरल्या तो नियम असा नाहीच. १९६२ च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं न्यूयॉर्क राज्यानं तयार केलेली बावीस शब्दांची प्रार्थना शाळांमधून काढली. पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातलं रोजचं बायबलवाचन बंद झालं. या निकालांनी तोंड बंद केलं ते सरकारचं, मुलांचं नव्हे. मुलांनी गृहपाठात, चित्रात, तोंडी सांगताना आपली श्रद्धा मांडली तर निव्वळ तेवढ्यासाठी त्यांना अडवू नये, असं इथलं शिक्षण खातं १९९५ पासून शाळांना लेखी कळवत आलंय.

बाईंशी बोलू का? नवरा म्हणतो सोड, वर्षभर त्याच बाई आहेत.

पोहेवाला
सोडून द्या. परक्या देशात आहोत, मुलं शिकतायत, पुरे. गणपती घरी आहेच की.

कडीपत्ता
परका देश मला आणि तुम्हाला. ती इथल्याच हॉस्पिटलात जन्मली.

आठवा_डबा
मी अशाच एका शाळेत सहा वर्षं वर्गात मदतनीस होते, म्हणून बाईंची बाजू घेते. तेवीस मुलं, वीस मिनिटं, एकाला शू लागलेली, एक रडतंय. त्यात "देव विरघळला?" याच्या पुढचा प्रश्न काय येतो ते मला पाठ आहे. "माझी मम्मी म्हणते असे देव खोटे असतात." तो आला असता तर तुम्ही हाच धागा दुसऱ्या शीर्षकानं काढला असता, आणि बाईंनी त्या मुलाला का नाही थांबवलं म्हणून विचारलं असतं.

आणि कायदा सरळ आपल्या बाजूनं आहे असंही समजू नका. तुमच्याच राज्यातली गोष्ट. मेडफर्डला पहिलीतल्या एका मुलाला वाचनात पुढे गेल्याचं बक्षीस म्हणून वर्गाला गोष्ट वाचून दाखवायची होती. त्यानं मुलांच्या बायबलमधली याकोब आणि एसाव या भावांची गोष्ट आणली. बाईंनी वर्गासमोर वाचू दिली नाही, एकट्या स्वतःला वाचून दाखवायला लावली. प्रकरण अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठापर्यंत गेलं, २००० मध्ये न्यायाधीश निम्मे-निम्मे फुटले, आणि त्यामुळे खालचा शाळेच्या बाजूचा निकाल तसाच राहिला. मग एग हार्बरचा खटला, तोही न्यू जर्सीचाच. बालवाडीतल्या मुलानं वर्गातल्या पार्टीत येशूचं नाव लिहिलेल्या पेन्सिली वाटायला आणल्या. २००३ मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं की लहान मुलांच्या वर्गाच्या वेळात हे थांबवायचा शाळेला हक्क आहे, मधल्या सुटीत वाटायचं तर वाटा.

कडीपत्ता
डबा, दोन्ही खटले वाचलेत. पेन्सिलींचं मला पटतं. वाटणं म्हणजे प्रचार, घेणाऱ्यावर थोडी तरी सक्ती येतेच. माझ्या लेकीनं कुणाला मोदकसुद्धा दिला नव्हता. (नट ॲलर्जीमुळे देताही येत नाही, तो वेगळा धागा.) वर्गानं विचारलं आठवड्यात काय झालं, तिनं जे झालं ते सांगितलं. डिस्ने चालतं, बाप्पा चालत नाही, हा माझा आक्षेप आहे.

मेडफर्डमध्ये समान मतं पडली, म्हणजे पुढच्यांना बांधील असा कायदा तयार झालाच नाही. त्याच मुलानं बालवाडीत काढलेलं येशूचं पोस्टर शाळेनं भिंतीवरून हलवलं होतं, त्या मुद्द्यावर विरोधी मत लिहिणारे न्यायाधीश सॅम्युअल अलिटो २००६ पासून सर्वोच्च न्यायालयात आहेत, हेही विसरू नका.

ह्यूस्टनकर
अलिटोंसारखे पुराणमतवादी न्यायाधीश आपल्या बाजूला आहेत याचा आनंद मला होत नाही, सॉरी.

मी टेक्ससमध्ये शाळा शिकलो. "विद्यार्थ्यांचं स्वातंत्र्य" हे शब्द मी कुठल्या तोंडून ऐकत वाढलो ते सांगतो. आमच्यापासून तासाभरावर सँटा फे नावाचं गाव आहे. तिथं फुटबॉल मॅचच्या आधी लाऊडस्पीकरवरून प्रार्थना व्हायची. शाळेचं म्हणणं, आम्ही कुठे म्हणतो, विद्यार्थी म्हणतो, विद्यार्थ्यांनीच मतदान करून निवडलेला. मतदान! शंभरातले नव्वद एका धर्माचे असतील तिथं मतदानानं कोण निवडून येणार? २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते बंद केलं. पण २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एका फुटबॉल कोचनं मैदानाच्या मधोमध गुडघ्यावर बसून केलेल्या प्रार्थनेला त्याच न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी मान्यता दिली, त्याची वैयक्तिक म्हणून. ज्या पोराला पुढच्या मॅचला संघात जागा हवीय तो कोचच्या शेजारी गुडघा टेकणार नाही तर काय करणार?

सातवीत जेवणाच्या टेबलावर माझा जवळचा मित्र मला रोज एक छोटं पत्रक द्यायचा. मनापासून द्यायचा. मी नरकात जाऊ नये ही त्याची खरीच कळकळ होती. आईनं डब्यात दिलेल्या थालीपिठाखाली मी ती पत्रकं ठेवून द्यायचो, मग ती तेलकट व्हायची. वर्गात मात्र शांतता असायची, कारण बाई म्हणायच्या धर्माचं घरी. तुमच्या लेकीला जो नियम टोचला त्या नियमाच्या सावलीत मी वाढलोय.

बाणकोटी
मी कोकणातली, मराठी शाळेतली, मुसलमान. सहावीत पहिल्यांदा पूर्ण रोजा धरला तेव्हा मधल्या सुटीत वर्गात जी चर्चा रंगली तशी पुन्हा कधी ऐकली नाही. "पाणीपण नाही?" "थुंकी गिळली तर?" "चुकून भजी खाल्लीस तर पहिल्यापासून?" एकजण माझ्यासाठी म्हणून स्वतः दुपारपर्यंत उपाशी राहिला, मग त्यानं दोन वडापाव खाल्ले. बाई टेबलाशी वह्या तपासत होत्या. एकदाच मान वर करून म्हणाल्या, "तिला उन्हात खेळायला ओढू नका."

"देव विरघळला?" हा त्याच जातीचा प्रश्न आहे. अपमान नाही तो, कुतूहल आहे. ह्यूस्टनकर, तुमच्या मित्राचं पत्रक आणि हा प्रश्न एका मापानं का मोजता?

झेडपी_मास्तर
सातारा जिल्ह्यातून लिहितोय. आमच्याकडे गाडी उलट दिशेला आहे. घटनेचं कलम २८(१) सांगतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. आणि दसऱ्याला आम्ही पाटीवर आकड्यांची सरस्वती काढतो, झेंडूची फुलं वाहतो, पेढा वाटतो. खरं सांगतो, पंधरा वर्षं नोकरी झाली तरी हे 'धार्मिक' आहे असं डोक्यातच आलं नव्हतं. २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं धर्मांविषयी माहिती देणं आणि धर्माची दीक्षा देणं यांत फरक केलाय. कागदावर तो फरक नीट कळतो, वर्गात रेघ कुठे मारायची ते कळत नाही.

पण मुलांना गप्प करू नये या मताचा मी आहे. त्यांना बोलू द्यावं, मास्तरनं सांभाळून घ्यावं. त्यासाठीच पगार मिळतो.

निळी_शाई
मास्तर, "बोलू द्यावं" हे ज्यांच्या देवाची चित्रं आधीच भिंतीवर आहेत त्यांना सोपं असतं. चौथीत बाईंनी एकेकाला उभं करून विचारलं, तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा. कुणी दीड, कुणी पाच, कुणी दहा. मी म्हणालो आमच्याकडे नसतो, आम्ही बौद्ध. बाई म्हणाल्या, "अरेरे." एवढंच. मला कुणी बोलायला बंदी केली नव्हती. पण पुढे दहावीपर्यंत मी वर्गात घरचं काही सांगितलं नाही.

नाशिकच्या एका शिक्षकानं प्रार्थनेला हात जोडायला नकार दिला, त्याला २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं तेव्हा कुठे मान्य झालं की सक्ती करता येत नाही. तो मोठा माणूस, कायदा माहीत असलेला. नऊ वर्षांचं पोर कुठे जाणार?

कडीपत्ता, तुमच्या लेकीला वाईट वाटलं ते मला पोचलं. पण इथं पुण्यात असता तर हा धागा तुम्ही काढला असता का?

झेडपी_मास्तर
"अरेरे" वाचून थांबलो. मीपण म्हणालो असेन कधीतरी. आठवत नाही म्हणजे म्हणालो नाही असं नाही.

पोहेवाला
मग कर्नाटकातल्या हिजाबचं काय? त्यावर कुणी बोलणार का?

कडीपत्ता
पोहेवाला, तो वेगळा आणि मोठा विषय आहे, २०२२ मध्ये त्यावर दोन न्यायाधीशांचं एकमत झालं नाही, इथं चार ओळींत आपलं होणार नाही. वेगळा धागा काढा, मी येईन.

निळी_शाई, नसता काढला. पुण्यात मला तो प्रश्न दिसलाच नसता. पण म्हणून इथं दिसतोय तो खोटा ठरत नाही ना? तुमच्या बाईंनी "अरेरे" न म्हणता "मग तुमच्याकडे काय असतं?" विचारलं असतं तर? मला गप्प बसवणारी बाई नको आणि अरेरे म्हणणारीही नको.

ह्यूस्टनकर, आणखी एक. बायबलवाचन बंद झालं ते कशामुळे? १९५६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ॲबिंग्टनच्या शाळेत एलरी शेम्प नावाचा सोळा वर्षांचा मुलगा बायबलवाचन चालू असताना स्वतःपुरतं कुराण उघडून वाचत बसला. तो मुसलमान नव्हता, युनिटेरियन या उदारमतवादी पंथाच्या कुटुंबातला. त्याला मुख्याध्यापकांकडे पाठवलं, आणि सात वर्षांनी निकाल आला. तुम्हाला ज्या शांततेची सावली मिळाली ती एका मुलानं शाळेत धर्माचं पुस्तक उघडलं म्हणून मिळाली.

ह्यूस्टनकर
हे माहीत नव्हतं. पण तो न बोलता वाचत होता, एवढी नोंद करून ठेवतो.

आठवा_डबा
बाणकोटी, तुमच्या बाईंना तुमचं घर, तुमचे अब्बा, रोजा म्हणजे काय, सगळं माहीत होतं. या बाईंना गणपती म्हणजे काय हेच ठाऊक नसणार. आपल्याला न कळणारी चर्चा सांभाळायला त्यांनी कशी घ्यायची? आधी त्यांना कुणीतरी सांगा.

कडीपत्ता
बोलले. डबा म्हणाल्या ते बरंच खरं निघालं. गेल्या वर्षी वर्गात एकानं दुसऱ्याला "तू नरकात जाणार" म्हटलं होतं, दोन्हीकडचे पालक भांडत आले, तेव्हापासून बाईंनी दारच लावून घेतलंय. कुणी लेखी नियम दिलेला नाही. मी खात्याच्या सूचनांचा कागद नेला होता, तो त्यांनी ठेवून घेतला. मग म्हणाल्या, तिला लिहून आणू दे, मी आवडीनं वाचेन.

म्हणजे मेडफर्डच! बाईंना एकट्यांना वाचून दाखवायचं. मी म्हटलं, वर्गासमोर का नाही? त्या म्हणाल्या, विचार करते, मुख्याध्यापकांना विचारते. दोन आठवडे झाले.

निळी_शाई
लेक काय म्हणते?

कडीपत्ता
तिला विचारलं, या शुक्रवारी परत सांगशील का गणपतीचं. म्हणाली नको, या शुक्रवारी मी दात दाखवणार आहे. काल वरचा पडला, रुमालात बांधून ठेवलाय.